चार कोरड्या पायऱ्या

"लई थंडी हाय आज," असं कुणी नुसतं म्हटलं, तरी चांदमास्तर मान वर न करता विचारायचे, "मोजली का?"

समोरचा माणूस एक तर गप्प बसायचा, नाही तर चिडायचा. मी चिडणाऱ्यांतला. गावच्या टपालकचेरीत मी बाबू होतो. कचेरी म्हणजे एक खोली, त्यातली अर्धी टपालाची आणि अर्धी माझी. गाव भोकरदनच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, कारण या हकीकतीत जी माणसं घाबरली त्यांची नातवंडं अजून तिथं नांदतात, आणि घाबरलेल्यांत मीही होतो.

मास्तरांचं खरं नाव भगवानराव. तीर्थपुरीकडच्या शेतकरी घरातले, आमच्या गावच्या शाळेत मास्तर म्हणून आलेले. उंच, हडकुळे, धोतर गुडघ्याच्या जरा खालीच संपणारं. रस्त्यानं चालताना ओठ हलायचे. नवख्याला वाटायचं जप चाललाय. तो जप नव्हता, ते पावलं मोजत असत. शाळेपासून टपालापर्यंत तीनशे बारा पावलं व्हायची. पावसाळ्यात आठ जास्त, कारण पाटलाच्या गोठ्यापुढचा चिखल चुकवावा लागे. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मीही कधीमधी मोजायला लागायचो आणि स्वतःवरच वैतागायचो.

घरात सरूवैनी होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मास्तरांना उत्तर द्यायला गावात त्यांच्याइतकं तयार कुणी नव्हतं. जेवताना मास्तर म्हणाले, "आज मीठ जास्त पडलंय," की त्या म्हणायच्या, "मोजलं का?" मास्तर खाली मान घालून जेवायचे. पाहुण्यांसमोर हे झालं तर मास्तर हसायचे, आणि हसताना तोंडावर हात ठेवायचे, कारण पुढचे दोन दात नव्हते.

आता चंद्राचं. मास्तरांकडं चार हात लांबीची वेळूची काठी होती. त्या काठीवर दोरीनं पुढंमागं सरकणारी पितळेची एक चकती बसवलेली. चकती तांबटाकडून कापून घेतलेली, करंगळीच्या नखापेक्षा जराशी मोठी. दर पुनवेला, चंद्र उगवून घरांच्या वर आला, की मास्तर काठीचं एक टोक डोळ्याशी धरत आणि चकती सरकवत. चकतीनं चंद्र बरोबर झाकला गेला की थांबत, आणि तिथं चाकूनं बारीक खाच पाडत. चंद्र मोठा दिसत असेल तर त्याला झाकायला चकती डोळ्याच्या जवळ आणावी लागायची. लहान असेल तर लांब न्यावी लागायची. एवढीच गोष्ट. पण सहा वर्षांच्या खाचा बघितल्या तर सगळ्यांत जवळची आणि सगळ्यांत लांबची यांच्यात जवळजवळ वीतभर अंतर पडलं होतं.

"चंद्र काय फुगून न्हाई राह्यला आन् वाळूनबी न्हाई राह्यला," मास्तर सांगायचे. "त्यो जवळ येतो आन् लांब जातो. त्याची वाट गोल न्हाई, जराशी लांबट हाय."

मग पंचांग काढायचे. पंचांगातली तिथी कधी आखूड असते, कधी लांब. चंद्र जवळ असला की जोरात पळतो आणि तिथी लवकर उरकतो, हे त्यांनी पंचांग आणि काठी शेजारी शेजारी ठेवून ताडलं होतं. मोठा चंद्र चौदा पुनवांनी परत येतो, हेही त्याच काठीवर मोजून काढलेलं. पंचांग सांगणारे गुरुजी म्हणाले, "असं शास्त्रात कुठं स्पष्ट दिसत नाही." मास्तर म्हणाले, "आकाशात दिसतंय की. या पुनवेला या."

एका कोजागरीला मारुतीच्या पारावर दूध आटवलं होतं. चंद्र शिवाराच्या कडेवर आला, केवढा तरी, तांबूस. सगळे म्हणाले, वर्षातला सगळ्यांत मोठा चंद्र कोजागरीचा. मास्तर काठी घेऊन बसलेच होते. एकेकाला डोळा लावायला लावला. चकती सरकत सरकत पार टोकाजवळच्या खाचेपर्यंत गेली. वर्षातला सगळ्यांत लहान चंद्र! लोक म्हणाले, काठी खोटी. मास्तर म्हणाले, थांबा. दूध आटेपर्यंत चंद्र वर चढला, आता सगळ्यांनाच लहान दिसायला लागला. पुन्हा चकती लावली. खाच तीच.

"मंग मघाशी मोठा का दिसला?" सुतारानं विचारलं.

"तुमच्या डोळ्याला इचारा. चंद्राचा काय गुन्हा?"

त्या रात्री लोकांनी भराभर दूध संपवलं. लहान चंद्राची कोजागरी कुणालाच गोड लागली नाही.

मी काठीला कधी डोळा लावला नव्हता. सरकारी माणूस. आमचा मुलूख तेव्हा संस्थानात मोडायचा; तिथं त्या दिवसांत सत्याग्रहाचं वारं आलं होतं, आणि परवानगीशिवाय जमाव करायला मनाई होती. चार माणसं एका जागी वर बघत उभी राहिली तरी ठाण्यातून विचारणा व्हायची. मास्तरांच्या काठीमागं वीस-वीस माणसं रांगेत उभी राहत. मी लांबून बघायचो आणि कचेरीचं दार लावून घ्यायचो.

पण मास्तरांची एक गोष्ट माझ्या हातातून जायची, ती म्हणजे कार्डं.

मास्तरांनी समुद्र पाहिला नव्हता. आमच्याकडं पाणी म्हणजे विहीर, फार तर केळणा नदीचा डोह. पण चंद्र समुद्राचं पाणी ओढतो हे त्यांनी वाचलं होतं. जवळचा चंद्र जास्त ओढत असणार, मग मोठ्या पुनवेला पाणी जास्त चढत असणार, हा त्यांचा हिशेब. मोजायचं कसं? त्यांनी शाळेतल्या नकाशावर बोट ठेवून कोकणातलं एक बंदर निवडलं आणि कार्ड लिहिलं. पत्त्यात नुसतं 'मराठी शाळेचे मास्तर' आणि बंदराचं नाव. मी म्हणालो, "मास्तर, हे कुणाला पोचायचं?"

"मास्तर हाय तिथं, म्हंजी कार्ड वाचायला माणूस हाय," ते म्हणाले.

महिन्यानं उत्तर आलं. तिथले मास्तरही मूळचे घाटावरचेच, बदलीवर गेलेले, समुद्राला नवखे. त्यांनी लिहिलं होतं की धक्क्याला दगडी पायऱ्या आहेत, त्या लहान चंद्राच्या कोजागरीला भरती पूर्ण आली तेव्हा वरच्या सहा पायऱ्या कोरड्या राहिल्या. कार्ड उघडंच असतं, मी वाचलं. टपालबाबू कार्ड वाचत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

दिवाळीनंतरच्या कार्डात कोकणचे मास्तर बुचकळ्यात पडले होते. अमावास्येला पाणी कोजागरीपेक्षा वर चढलं होतं, आणि आकाशात तर चंद्रच नव्हता. कार्ड मी मास्तरांच्या हातात दिलं. ते ओसरीवर उभ्या उभ्या वाचून त्यांनी मांडीवर थाप मारली.

"बराबर! पुनवेला लांब गेल्ता, मंग पंधरा दिवसांनी जवळ येणारच की. दिसत न्हाई म्हणून काय झालं? हाय तो. पाण्यानं सांगितलं."

त्यांचे डोळे भरून आले होते. अमावास्येचा चंद्र मोजून मिळाला म्हणून रडणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

पौषात पाच पायऱ्या कोरड्या राहिल्याचं कार्ड आलं. पुढं चैत्राची पुनव मोठ्या चंद्राची, चौदावी. सगळा जीव तिच्याकडं लागला होता. आणि फाल्गुनात ठाण्यातून मला हुकूम आला, की या मास्तरचं कोकणातलं प्रत्येक कार्ड आधी अमीनसाहेबांना दाखवायचं. अमीनसाहेब म्हणजे ठाण्याचे मुख्य. मी होय म्हणालो. मास्तरांना सांगितलं नाही. रोज तीनशे बारा पावलं चालून ते यायचे, "आलं का?" विचारायचे, आणि मी नाही म्हणून मान हलवायचो. एक कार्ड माझ्याच हातानं ठाण्यात गेलेलं होतं.

आठवड्यानं मास्तरांना चावडीवर बोलावलं. मलाही, कार्ड ओळखायला. टेबलावर कार्ड होतं आणि मास्तरांची काठी होती. अमीनसाहेब वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या डोक्यावरही साहेब होते.

"मास्टर, सीधी बात करो. पुनव, खाच, कोरडी पायरी. ये क्या इशारा है? पायरी बोले तो आदमी? के बंदूक?"

"पायरी म्हंजी पायरी, साहेब. दगडाची."

"और खाच?"

"ती तुमच्या म्होरं काठीवर हाय. मोजून बघा."

मास्तरांनी सगळं समजावून सांगितलं. अमीनसाहेब ऐकत राहिला, मग त्यानं एक कागद पुढं केला. त्यावर तीन गोष्टी लिहून द्यायच्या होत्या. एक, लोक जमवणार नाही. दोन, परमुलखात पत्रं पाठवणार नाही. आणि तीन, चंद्र सदासर्वकाळ एकाच अंतरावर आणि एकसारखाच असतो हे कबूल आहे, उलट शिकवलं ही चूक झाली. तिसरी गोष्ट शाळेवरच्या एका साहेबानं घातलेली. शाळा तपासायला आले असता पुस्तकात छापलेलं चंद्राचं एकच अंतर त्यांनी वाचून दाखवलं होतं, आणि पोरांदेखत मास्तरांनी विचारलं होतं, "मोजलं का?" कागदावर सही केली तर नोकरी राहणार होती.

मास्तर म्हणाले, "लोक न्हाई जमवणार, लिहून देतो. पत्र न्हाई पाठवणार, तेबी देतो. तुमचा अंमल हाय. पण तिसरं बिलकुल न्हाई. चंद्रावर तुमचा अंमल न्हाई."

मी घाबरून अमीनसाहेबाकडं बघितलं. तो हसला. "साबित करो."

मग मास्तरांनी कोरा कागद मागितला आणि त्यावर लिहिलं, 'चैत्री पुनवेला चार पायऱ्या कोरड्या राहतील.' कोजागरीला सहा, पौषात पाच, म्हणून आता चार. "कोकणवाले मास्तर दर पुनवेला मोजत्यात. मी न्हाई लिहिलं तरी त्यांचं कार्ड येईल. चार आलं तर तिसरं कलम खोडा." अमीनसाहेबानं कागद घडी करून कुलपात टाकला.

पुनवेपुरती परत मिळालेली काठी मास्तरांनी अंगणात एकट्यानं धरली. लोक आपापल्या घराच्या दारातून बघत होते. नजर ठेवायला आलेल्या शिपायाला मास्तरांनी डोळा लावायला लावला. चकती सगळ्यांत जवळच्या खाचेवर येऊन थांबली. चंद्रानं त्याचं काम केलं होतं.

सहाव्या दिवशी कार्ड आलं. मी ते वाचलं. तसंच घेऊन चावडीवर गेलो; शिपायानं मास्तरांनाही काठीसकट बोलावून आणलं. अमीनसाहेबानं घडी उघडली, माझ्याकडून कार्ड वाचून घेतलं. 'चैत्री पौर्णिमा. पूर्ण भरती. पाच पायऱ्या कोरड्या.'

पाच. चार नाही.

"चांद तो आया, मास्टर. समुंदर नहीं आया." अमीनसाहेबानं दौत पुढं सरकवली. "अब करो दस्तखत."

मास्तर कार्डाकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, आता करतील सही. खरं सांगायचं तर मला वाटत होतं त्यांनी करावी. उद्यापासून खाणार काय?

"त्यांनी मोजलं, म्हंजी पाचच असणार," मास्तर हळू म्हणाले. "माझं चुकलं. चार म्हणालो, ते चुकलं, हे लिहून देतो. का चुकलं ते मला ठावं न्हाई, हेबी लिहून देतो. पण चंद्र सारखाच असतो हे न्हाई लिहिणार. ते मी मोजलंय."

"नोकरी जाएगी."

"जाऊ द्या."

पहिल्या दोन कलमांखाली त्यांनी सही केली आणि तिसऱ्यावर आडवी रेघ मारली. बाहेर येताना शिपायानं काठी गुडघ्यावर घेऊन मोडली. तीन तुकडे झाले. सहा वर्षांच्या खाचा चावडीपुढच्या धुळीत पडल्या. मास्तरांनी फक्त चकती उचलून खिशात घातली.

दोन दिवसांनी दुसरं कार्ड आलं. कोकणच्या मास्तरांनी लिहिलं होतं की आपण पुनवेला पायऱ्या मोजतो हे ऐकून इथले दर्यावर्दी पोट धरून हसले. म्हणाले, मोठं पाणी पुनवेच्या दिवशी कधी येतं? ते दोन दिवसांनी येतं. 'म्हणून आज द्वितीयेला पुन्हा गेलो. चारच पायऱ्या कोरड्या होत्या.'

हुकमाप्रमाणे ते मी अमीनसाहेबाला दाखवलं. त्यानं दोनदा वाचून घेतलं, मग परत माझ्या हातात दिलं. "कागज ऊपर गया, बाबू. अब मेरे हाथ में नहीं." मी निघालो तसा म्हणाला, "मास्टर को पहुंचा दो. जल्दी."

मी पळतच गेलो. मला वाटलं होतं मास्तर ठाण्याला शिव्या घालतील, नशिबाला घालतील. ते ओसरीवर बसून वाचता वाचता हसायला लागले. तोंडावर हात ठेवायचंही विसरले.

"आता बोला! आपण पडलो तिथीची माणसं. एकादशी म्हंजी एकादशीला, पुनव म्हंजी पुनवेला. समुद्राला पंचांग कुणी दावलंय? एवढं जड पाणी, त्याला उठायला वेळ लागणारच की."

तेव्हा मी त्यांना सांगितलं की चावडीवरचं ते कार्ड मीच ठाण्यात नेऊन दिलं होतं, आणि तरी त्यांना रोज नाही म्हणत होतो. सांगितलं आणि मान खाली घातली. मास्तरांनी हातातलं कार्ड बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "ठावं हाय. कार्ड सहाव्या दिवशी येतं. त्या बारीला आठवा गेला, नववा गेला, तरी तुम्ही न्हाईच म्हणत होता. मी मोजून राह्यलो होतो."

एवढंच. एखाद्यानं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

काठी गेली याचं दुःख मात्र त्यांना होतं. सरूवैनी ते चार दिवस बघत होत्या. पाचव्या दिवशी त्यांनी मास्तरांना हाताला धरून आतल्या दारापाशी नेलं. चौकटीच्या आतल्या बाजूला चुन्याच्या बारीक टिकल्या होत्या, दाटीवाटीनं, वीतभर उंचीत. वेळूला वाळवी लागते म्हणून दर पुनवेनंतर त्या काठी उंबऱ्यावर उभी करत आणि नव्या खाचेसमोर चौकटीवर टिकली लावत. सहा वर्षं. मास्तरांना पत्ता नव्हता.

"मोजा आता," त्या म्हणाल्या.

नोकरी गेल्यावर मास्तर लोकांच्या विहिरींची खोली मोजून देऊ लागले, पेरणीआधी शेताचे बांध मोजून देऊ लागले. धान्यावर भागायचं. धोतर आणखी आखूड झालं. चौकटीवरून खाचा उतरवून घेतलेल्या नव्या काठीला दर पुनवेला अंगणात एकटे डोळा लावत. लोक जमवले नाहीत, पत्र पाठवलं नाही. लिहून दिलेला शब्द त्यांनी पाळला. मला तो पाळलेला शब्द बघवत नसे.

पुढची मोठी पुनव पुन्हा चौदावी, म्हणजे पुढच्या वर्षीची ज्येष्ठातली. वटपौर्णिमा. गावाबाहेरच्या वडाला दोरा गुंडाळायला त्या दिवशी झाडून साऱ्या बायका जातात. दुपारी पूजा करून एरवी घरोघर परतणाऱ्या बायका त्या दिवशी दिवस कलला तरी पारावरच बसून होत्या. आमच्या घरातली बाई परतली नाही म्हणून मी बघायला गेलो. वडाच्या एका पारंबीला सुताच्या दोऱ्यानं काठी बांधलेली, चकतीसकट. शेजारी सरूवैनी. पूर्वेकडं ढग होते, आणि त्या ढगांना अख्खा पार दम देत होता. शिपाईही आला होता. बायका वड पुजायला जमल्या तर त्याला जमाव म्हणायचं की नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

ढग फाटले आणि चंद्र वर आला. एकेक बाई पुढं व्हायची, काठीला डोळा लावायची, चकती सरकवायची, आणि दुसरीला जागा द्यायची. कुणी हसलं नाही, कुणी गलका केला नाही. तांबटाची म्हातारी सासू, एका डोळ्यानं अधू, तिलाही धरून आणलं होतं. "मला न्हाई दिसत," ती म्हणाली, "पण हात लावते." तिनं चकतीवरून बोट फिरवलं, खाच चाचपली, आणि समाधानानं बाजूला झाली.

"भावजी, या," सरूवैनींनी हाक मारली. बायको माझ्याकडं बघत होती, शिपाईही बघत होता. मी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या काठीला डोळा लावला. चकती सरकवली, चंद्र तिच्यामागं नाहीसा झाला, आणि पुढं होऊन चाचपलं तेव्हा माझं बोट सगळ्यांत जवळच्या खाचेत जाऊन बसलं.

"मोजलं का?" लांबून आवाज आला.

"मोजलं!" मी ओरडलो. "बराबर हाय!"

खिशात कोरं कार्ड होतं. टपालबाबूच्या खिशात असतंच. पारावर बसून मी कोकणच्या मास्तरांना लिहिलं, की चंद्र जवळ आला आहे, दर्यावर लाटा असतील तरी जमेल तसं दोन दिवसांनी पायऱ्या मोजा आणि कळवा. मास्तरांनी पत्र न पाठवण्याचं लिहून दिलं होतं, मी नव्हतं दिलं. खाली माझं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, म्हणजे ठाण्यात वाचताना अडचण नको. अक्षर वाचण्याजोगं आलं.

कार्ड दाखवायला मी मास्तरांकडं वळलो. ते पारापासून लांब, बांधावर उभे होते. एक हात पाठीमागं, तोंडभर हसत. शिपाई त्यांच्यापुढं उभा होता, आणि मास्तर आपल्या पायाखालच्या जागेकडं बोट दाखवून त्याला सांगत होते, "मी जमावात न्हाई. पारापासून पन्नास पावलं हायेत. मोजून घ्या."